ताईच्या मोबाईलमधलं माझं खातं

उल्हास नदीच्या पुरात आमच्या शेजाऱ्यांची म्हैस पोहत पोहत दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत शिरली आणि तिथेच व्याली, ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितली आहे, की परवा एका गृहस्थाने ती म्हैस स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याचं मलाच शपथेवर सांगितलं. मी मान डोलावली. रेडकाचं नाव काय ठेवलं तेही सांगून टाकलं. असा मी माणूस. माझ्या पोटात काही राहत नाही. आणि पोटात नसेल तर मी तयार करतो.

तरी एक गोष्ट राहिली आहे. बायकोला नाही, भावाला नाही, चार पेग झाल्यावरही नाही — आणि चार पेगनंतर मी काय शिल्लक ठेवतो, हे आमच्या बदलापूरच्या कात्रपमध्ये कुणालाही विचारा. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही माझे कोणी लागत नाही. हिच्यात म्हैस नाही. हिच्यात मी काही वाढवलेलं नाही. वाढवण्यासारखी ती नाहीच — कमी करावी अशी आहे, पण तेही केलेलं नाही.

माझं दुकान उल्हासनगरला, कॅम्प एकमध्ये. मोबाईलची दुरुस्ती, कव्हर, काच, चार्जर. शेजारी कापडवाले सिंधी काका, मला 'साईं' म्हणतात आणि माझ्या थापा उधारीवर ऐकतात. दुकानात आलेल्या माणसाला काच लावून होईपर्यंत माझं भाषण ऐकावंच लागतं. विषय ठरलेला — तुमच्यावर नजर आहे! तुम्ही एका चपलेकडे मोबाईलवर नुसतं पाहा, ती चप्पल तुमच्या मागे लागते. बातम्या वाचायला जा, तिथे चप्पल. स्वयंपाक शिकायला जा, तिथे चप्पल. मी तर सांगायचो, की एका माणसाच्या तेराव्याला बायको फोटो बघत बसली होती, तर फोटोखाली त्याच्या मापाची चप्पल आली. लोक हसायचे, घाबरायचेही. मग मी उपाय सांगायचो, आणि ते मात्र खरे असायचे. माइकची परवानगी काढा. साइट विचारते ना 'कुकीज चालतील का', तिथे डोळे मिटून 'हो' दाबू नका. टोपी-चष्म्याच्या चित्राची ती खाजगी खिडकी, इनकॉग्निटो, वापरा, पण तिच्यावर विसंबू नका — ती फक्त तुमच्या मोबाईलला विसरायला लावते, पलीकडचा बघणारा बघतोच. आणि सगळ्यात महत्त्वाचं — आपलं खातं आपल्याच नावाचं ठेवा, दुसऱ्याच्या खात्यावर मोबाईल चालवू नका.

हे शेवटचं मी सगळ्यांना सांगायचो. घरच्यांना सोडून.

कारण घरच्यांचं काय व्हायचं — नवा मोबाईल घेतला, की तो आधी ई-मेल मागतो. आमच्या आगरी घरातल्या आत्या, काकी, मावश्या. त्यांना विचारलं, 'ई-मेल काय टाकू?' तर त्या म्हणायच्या, 'तुजाच टाक ना रं.' मग मी माझाच टाकायचो. सिंधी काकांनी एकदा बघितलं आणि कपाळाला हात लावला. "साईं, अपना खाता ऐसा बाटने का नहीं. कल किसी का लफडा तेरे मोबाईल में निकलेगा."

मी म्हणालो, "काका, हमारे खानदान में लफडा करनेवाला एकही है, और उसका खाता तो मेरे पास है ही."

हसलो दोघं.

सुलूताईचा मोबाईलही तसाच चालू करून दिलेला. ताई माझ्याहून मोठी, दिलेली अंबरनाथला. पूर्वेला दोन खोल्यांचा फ्लॅट, भाऊजी कारखान्यातून घरी बसलेले, मुलगी प्राजू लग्नाची. ताईला टाइप करायला जमत नाही. शाळा चौथीत सुटली — मी जन्मलो म्हणून सुटली, मला सांभाळायला कोणीतरी हवं होतं. म्हणून मी तिला माइकचं बटण दाखवलं. म्हटलं, "हे दाब आणि बोल. बाई बसलीय आत, ती ऐकते."

आता जमिनीचं सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. बदलापूरच्या बाजूला आमची भाताची जमीन होती. आई-वडील गेल्यावर ती तिघांच्या नावावर लागली — काशीदादा, मी आणि ताई. बिल्डर आला. आमच्याकडे अशा वेळी बहिणीने काय करायचं ते कोणी सांगत नाही, सगळ्यांना माहीत असतं. तिने हक्कसोड करायची, म्हणजे आपला वाटा भावांना सोडून द्यायचा. बदल्यात तिला माहेर. साडी, दिवाळीचा फराळ, दारात आली की 'ये ग'. जी सही करत नाही, तिच्याशी बोलणं बंद होतं. कोणी भांडत नाही. फक्त फोन उचलत नाहीत.

त्या शेतात ताई लावणीला कमरेत वाकून असायची, आईच्या बरोबरीने. मी बांधावर बसून दोघींना गोष्टी सांगायचो. मी तिथे एक रोपदेखील कधी खोचलं नाही — हे तुम्हाला मुद्दाम सांगतो आहे.

दादा म्हणाला, "ताईची सही तू आण. तुझ्या तोंडात साखर हाय."

मी म्हटलं, आणतो. त्यात काय एवढं?

आणि मग माझ्या मागे वकील लागले.

खरे नव्हे, जाहिरातीतले. मोबाईल उघडला की काळ्या कोटातला माणूस. 'वडिलोपार्जित मालमत्तेचा वाद? भेटा.' क्रिकेटचा स्कोअर बघायला गेलो, तिथे वकील. गाणं लावलं, त्याच्या आधी वकील. मला वाटलं, आमचं जमिनीचं बोलणं मोबाईलने ऐकलं! झालं, मला नवी गोष्ट मिळाली. दुकानात सगळ्यांना सांगत सुटलो, की परदेशातल्या कंपनीला आमच्या शेताच्या बांधाची लांबी कळली, तलाठ्याला अजून कळली नाही. मात्र मनात धाकधूक होती. मी शोधलं नव्हतं, बायकोने शोधलं नव्हतं. मग कोणी?

दुपारची वेळ होती, जेवायला म्हणून शटर अर्धं ओढलेलं. डबा उघडा ठेवून मी माझ्या खात्याचं ते पान उघडलं, जिथे तुम्ही काय काय शोधलंत त्याची सगळी जंत्री असते. तुम्ही कधी उघडलंय? उघडू नका म्हणत नाही, उघडाच. आणि हेही बघा, की तिथे आवाज साठवण्याची सोय चालू आहे की बंद. माझी चालू होती. कधी केली होती देव जाणे.

त्यात माझ्या नसलेल्या ओळी होत्या. शेजारी एक छोटं बटण. मी ते दाबलं.

"मना सांग ग बाय, बापाचे जमिनीत पोरीचा पन हिस्सा असतं का?"

ताईचा आवाज. मागे कुकरची शिट्टी.

मी इअरफोन कानात घातले. का घातले? दुकानात कोणी नव्हतं. पण घातले — म्हणजे मला तेव्हाच कळलं होतं, की हे माझं ऐकायचं नाही.

आतल्या बाईला आमची आगरी कळली नसावी, कारण पुढच्याच क्षणी ताईने तोच प्रश्न पुन्हा विचारला होता. सावकाश, एकेक शब्द धुऊन, साहेबासमोर उभं राहिल्यासारखा — "वडिलांच्या — जमिनीमध्ये — मुलीचा — हक्क — असतो का?" मला हसू आलं. तिच्या तोंडून 'वडील' हा शब्द मी जन्मात ऐकला नव्हता.

पुढे 'हक्कसोड म्हणजे काय' होतं. 'उल्हासनगर कोर्टात बायकांचा वकील' होतं. 'थोडीच जमीन मागता येते का, विहिरीजवळची' — हेही होतं. हे ऐकून मी डबा बाजूला सारला.

मग हे — "सही नाही केली तर भाऊ बोलतात का?"

हे ती मोबाईलला विचारत होती. मला नाही.

आणि सगळ्यात शेवटी, अगदी हळू, बहुधा प्राजू पलीकडच्या खोलीत असताना — "मुलीच्या लग्नात मामा आला नाही, तर काय करतात?"

एक गिऱ्हाईक शटरखालून वाकून आत आलं, काच लावायला. मी लावून दिली. आत एवढा मोठा बुडबुडा राहिला. तो म्हणाला, "शेठ, हे काय?" मी पैसे न घेता त्याला घालवलं. कानात ताईच होती.

तिथल्या तिथे मी काय करायला हवं होतं, हे माझ्याइतकं कॅम्प एकमध्ये कोणाला माहीत होतं? आवाजाची सोय बंद करायची. ते सगळं पुसायचं. ताईकडे जाऊन तिचं वेगळं खातं काढून द्यायचं आणि सांगायचं, की ताई, तुझं बोलणं चुकून माझ्याकडे येत होतं, मी ऐकलं, चुकलो. दहा मिनिटांचं काम. दुसऱ्यांसाठी मी ते रोज करतो.

मी काही बंद केलं नाही. रोज दुपारी शटर अर्धं ओढून ऐकत राहिलो — आज काय विचारलं ताईने?

एका रविवारी मी तिच्याकडे जेवायला गेलो. सहीचं बोलायलाच गेलो होतो. ताई ओट्यापाशी वाकट्यांचं कालवण ढवळत होती. मी मागे उभा. तिने वळून न बघता विचारलं, "गुरू, एक इचारू? त्या मोबाईलला आपुन इचारतो ना, ता दुसऱ्या कोनाला कलतं का रं?"

आता बघा. तिने स्वतःहून विचारलं. दार उघडून दिलं. मी एवढंच म्हणायचं होतं — हो, मला कळतं.

मी म्हणालो, "कोणाला नाय कळत, ताई. तुझं आणि त्या बाईचं."

"नक्की?"

"माझ्या दुकानाची शप्पथ."

तिने सुस्कारा सोडला. पळीने कालवण चाखलं आणि म्हणाली, "मीठ बघ रं जरा." मी मीठ बघितलं. बरोबर होतं.

मग आम्ही जेवायला बसलो — भाऊजी, प्राजू, मी. ताई वाढत होती. आणि मी एक गोष्ट सांगितली.

पलीकडच्या एका गावातली म्हणून सांगितली. तसं गाव नाही, तसं लग्न नाही; ती मी गाडीवरून येताना रचली होती. एक बाई, तिने भावांकडे हिस्सा मागितला. मागितला तर मागितला, भावांनी देऊन टाकला, वर चहा पाजला. पुढे तिच्या मुलीचं लग्न. मंडप भरलेला, बँडवाला घामाघूम, भटजी ओरडतोय — मुलीच्या मामाने मुलीला घेऊन यावे! मामा नाही. पुन्हा ओरडला. मामा नाही. मग वॉचमनला उभा केला, तर नवरीपेक्षा तोच जास्त रडायला लागला. मग बँडवाल्याला बोलावलं, तो म्हणाला, मी आलो तर वाजवणार कोण? शेवटी केटरिंगवाला आला, हातात पळी तशीच, आणि नवरी मंडपात आली ती वरणाच्या पळीमागून! मुहूर्त टळला, वरण करपलं, आणि सासरची माणसं अजून तिला 'वरणवाली' म्हणतात.

भटजीचा आवाज काढला. वॉचमनचं रडणं काढलं. भाऊजींना ठसका लागला. प्राजूच्या डोळ्यांतून पाणी — "मामा, बस ना! पोट दुखतंय!"

माझं लक्ष ताईकडे होतं. हसत होतो, हातवारे करत होतो, आणि सगळा वेळ एकाच ठिकाणी बघत होतो. ताई टोप हातात घेऊन उभी होती. तिच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरताना मी बघितलं. नेम बसला का — हे बघत होतो मी. चपलेची जाहिरात करणारा तरी एवढं बघत नसेल. त्याला माणूस दिसत नाही. मला दिसत होता.

ती म्हणाली, "त्या बायचं काय चुकलं रं?"

"चुकलं कुठे?" मी म्हणालो. "तिचा हक्कच होता. घेतला तिने."

प्राजू परत हसली. ताईने माझ्या ताटात अजून कालवण वाढलं. मी नको म्हटलं नाही.

सहीचा विषय मला काढावाच लागला नाही. दोन दिवसांनी तिचाच फोन आला — "काशीला सांग, कधी यायचं ता."

निबंधकाच्या ऑफिसात अंगठा घेतात, फोटो काढतात. तिथला माणूस म्हणाला, "मावशी, कॅमेऱ्याकडे बघा." ताई माझ्याकडे बघत होती. तो परत म्हणाला, "मावशी, इकडे." तेव्हा तिने मान वळवली. त्या कागदावर लिहिलेलं असतं, की हे मी स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता करत आहे. ते तिला वाचून दाखवायचं काम मी केलं. माझा आवाज चांगला आहे ना.

प्राजूच्या लग्नात मी मामा म्हणून गेलो. असा गेलो, की अंबरनाथ पूर्वेला तसा मामा परत झाला नाही — फेटा, भरजरी जॅकेट. भटजीने हाक दिली आणि मी भाचीला मंडपात घेऊन आलो. मंडपात बायका म्हणत होत्या, सुलूचं नशीब, असे भाव मिळाले. ताई रडत होती. लग्नात आया रडतातच. कोणी विचारलं नाही.

आता तुम्हाला वाटेल, हेच ते. नाही. यातलं निम्मं आमच्याकडे घरोघरी होतं, आणि निम्मं मी कदाचित कधीतरी चौथ्या पेगनंतर सांगितलंही असतं, थोडी वॉचमनची नक्कल करून. जे सांगितलं नसतं, ते पुढचं आहे.

लग्नानंतर मी ते पान उघडणं सोडलं होतं. काम झालं होतं ना? मग एका दुपारी पुन्हा एक काळ्या कोटातला माणूस माझ्या मोबाईलवर आला. शटर अर्धं ओढलं.

"सही केलेली — परत घेता येते का?"

उत्तर काय आलं असेल ते मला माहीत होतं, मी स्वतः तोच प्रश्न टाकून बघितला. फसवणूक करून किंवा दडपण आणून सही घेतली असेल, तर कोर्टात जाता येतं. मुदत असते. तेव्हा मुदत होती.

त्याच्या खाली अजून एक बटण होतं. बहुधा माइक बंद करायचा राहिला होता, कारण तो प्रश्न नव्हता. ताई मोबाईलशीच बोलत होती. तिच्या नेहमीच्या आवाजात, 'वडील' वगैरे काही नाही.

"नाय ग बाय. फसवलं नाय कोनी. माजा भाव तसा नाय."

तेव्हा जगात दोनच जागा अशा होत्या, जिथे याचा पुरावा होता. एक ते पान. त्यावर ओळीने लिहिलेलं होतं, की तिची भीती काय होती आणि ती माझ्या खात्यात कधी आली. दुसरी जागा मी.

मी ते परत ऐकलं. मग एकेक ओळ निवडली आणि पुसली. पहिली, कुकरच्या शिट्टीची, तीही. मोबाईलने विचारलं, कायमचं पुसायचं का? हे परत मिळणार नाही. मी 'हो' दाबलं. आवाजाची सोय बंद केली.

त्याच आठवड्यात अंबरनाथला जाऊन ताईच्या मोबाईलमधून माझं खातं काढलं आणि तिचं वेगळं करून दिलं, तिच्या नावाचं. परवानग्या एकेक करून बंद केल्या. पासवर्ड तिलाच टाकायला लावला; तो टाकताना तोंड भिंतीकडे केलं, आणि तसं करत असल्याचं तिला मोठ्याने सांगितलं. आज तिच्या मोबाईलइतका बंदोबस्त आमच्या खानदानात कोणाच्या मोबाईलला नाही. तो मी तिच्यासाठी केला नव्हता. तिने पुढे काय विचारलं, ते मला ऐकायचं नव्हतं.

ती म्हणाली, "किती करतंस रं माज्यासाठी."

मी म्हणालो, "त्यात काय, ताई."

मुदत निघून गेली आहे. विहीर बुजवली, तिथे आता इमारतीचं पार्किंग आहे. त्याच इमारतीत मी राहतो. ताई सणाला येते, लिफ्टने वर येते, जेवते, जाते. तिला यातलं काही माहीत नाही. मी सांगितलेलं नाही, आणि मला वाटतं, सांगणारही नाही.